लाइव्ह बॅकपॅक : असाइनमेंट डेस्कवरून

"बॅकपॅक कुणाकडे आहे?" सकाळी सातला असाइनमेंट डेस्कवर, म्हणजे कुठल्या रिपोर्टरला कुठे पाठवायचं ते ठरवणाऱ्या टेबलावर बसले की माझा पहिला प्रश्न हाच असतो. बॅकपॅक म्हणजे घटनास्थळावरून मोबाइल नेटवर्कवर लाइव्ह चित्र पाठवणारं, पाठीला लावायचं यंत्र. आमच्या मुंबई ब्युरोत ते सहा वर्षं वापरतोय. छोट्या वाहिन्या आता ते घ्यायचा विचार करतायत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

कॅमेऱ्याची केबल जोडायची, आत वेगवेगळ्या कंपन्यांची सहा सिमकार्डं. चित्र तुकड्यातुकड्याने सगळ्या सिमवरून एकदम निघतं आणि इकडे सर्व्हर ते सांधतो. अँकरचा प्रश्न आणि रिपोर्टरचं उत्तर यांत दीड-दोन सेकंद जातात, तेवढं चालतं. ओबी व्हॅन, म्हणजे सॅटेलाइटवरून लाइव्ह पाठवणारी गाडी, उभी करायला जागा लागते, कधी परवानगीही. बॅकपॅक पाठीला लावून माणूस लोकलने विरार गाठतो. एवढ्यासाठीच पैसे वसूल आहेत.

गर्दीत मात्र त्याच्या भरवशावर राहू नका. पहिल्या वर्षी विसर्जनाला गिरगाव चौपाटीवरची ओबी मी दुसरीकडे हलवली आणि तिथे फक्त बॅकपॅक ठेवलं. लाखो फोन त्याच टॉवरांवर, आमची सहाही सिमं तिथेच. ऐन वेळी पडद्यावर नुसते चौकोन. तो निर्णय माझा होता आणि चुकला होता. तेव्हापासून चौपाटीवर ओबीच.

19 जुलै 2023च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नाही, पाऊस थांबत नव्हता. आमचा रिपोर्टर चढता चढता म्हणाला, "मॅडम, रेंजची एकच दांडी येतेय, तीही जाते." आउटपुटला, म्हणजे बुलेटिन चालवणाऱ्या टीमला, सकाळी लाइव्ह हवं होतं. मी सांगितलं, "बॅकपॅक खाली गाडीत ठेव. कॅमेरामन दादांना फक्त कॅमेरा घेऊन वर ने. जिथे फोन लागेल तिथून फोनो दे, कॅमेऱ्यातलं कार्ड खाली पाठव." फोनो म्हणजे फोनवरून नुसत्या आवाजात दिलेली बातमी. दृश्यं उशिरा आली. पण त्यात ढिगाऱ्याकडे बघत बसलेली माणसं होती, त्यांचं बोलणं होतं. हातात बॅकपॅक असूनही ते कधी वापरायचं नाही, हे डेस्कलाच ठरवावं लागतं.

कारण यंत्र आलं की दर अर्ध्या तासाला लाइव्ह मागितलं जातं. रिपोर्टर एका जागी खिळतो आणि तेच तेच सांगतो. मग तहसीलदारांना कोण गाठणार? आत कोण अडकलंय ते गावकऱ्यांना कोण विचारणार? माझ्या शिफ्टला एक लाइव्ह झालं की चाळीस मिनिटं रिपोर्टरला कुणी फोन करायचा नाही. यावरून भांडणं होतात, मी ती करते. बातमी त्या चाळीस मिनिटांत मिळते.

बॅटरी नवी असताना तीन तास चालायची, वर्षभरात दोनवर आली. जादा बॅटरी आणि गाडीतला चार्जर द्याच. पावसाळ्यात प्लास्टिकचं कव्हर घातलं की यंत्र तापतं, म्हणून लाइव्ह संपलं की लगेच काढायचं. सिमचं रिचार्ज कुणाकडे, ते नाव बोर्डावर लिहा. आमच्याकडे एकदा चार सिमं बंद पडलेली भर लाइव्हला कळलं.

जिल्ह्यात कुठल्या कंपनीचं सिम चालतं ते विक्रेत्याला विचारू नका. भामरागडला माणूस पाठवायचा असेल तर गडचिरोलीच्या स्ट्रिंगरला, म्हणजे बातमीमागे पैसे घेणाऱ्या स्थानिक वार्ताहराला, फोन करा. कुठल्या वळणापर्यंत रेंज आहे आणि पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी चढलंय का, हे त्याला माहीत असतं.

सुरुवातीला एकच विकत घ्या. निवडणुकीला जादा लागतील ते भाड्याने आणा.