पीटी क्रूझर घेताय? आधी करारावर विकणाऱ्याचं नाव कोणाचं आहे ते बघा

जर्मनीत राहणाऱ्या आणि जुनी क्रायस्लर पीटी क्रूझर स्वस्तात दिसली की मन चाळवणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितोय. गाडी वाईट आहे असं अजिबात म्हणायचं नाहीये, उलट या गाडीवर जीव टाकणारे लोक भेटतात आणि विकणाऱ्यांना नेमकं तेच माहीत असतं, गिऱ्हाईक गाडीभोवती एक चक्कर मारून हसायला लागलं की त्यांना कळतं की हा आता कागद नीट वाचणार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 2000 साली आली, तीसच्या दशकातल्या अमेरिकन गाड्यांसारखं फुगीर बॉनेट, फुगीर मडगार्ड, आत मात्र फॅमिली हॅचबॅक. 2001 ची नॉर्थ अमेरिकन कार ऑफ द इयर होती, सुरुवातीला तिकडे डीलर छापील किमतीच्या वर पैसे घ्यायचे एवढी मागणी. गंमत म्हणजे अमेरिकन सरकारच्या मायलेजच्या हिशोबात ही गाडी ट्रक म्हणून धरली जायची, म्हणजे कंपनीच्या ट्रकांची सरासरी सुधारायला उपयोग. जुलै 2010 मध्ये बंद झाली तोवर तेरा लाखांवर बनल्या होत्या. युरोपात तिच्याबद्दल मतं कायम दोन टोकांची. कुणी म्हणतं शववाहिका, कुणी म्हणतं एवढी सोयीची गाडी परत झाली नाही. मी दुसऱ्या गटातला. लांबी 4.29 मीटर, म्हणजे पार्किंगला त्रास नाही, सीट उंच, आईच्या गुडघ्यांना चढउतर सोपी, मागच्या सीट काढून बाहेर ठेवता येतात, डिकीतली फळी वेगवेगळ्या उंचीवर लावता येते, तिचं टेबलही होतं. पेट्रोल पिते हे खरं, आणि वळायला जागा एवढी लागते की यू-टर्न घेताना मागचे लोक हॉर्न मारतात. पण असो.

2014 साली आई-बाबा पुण्याहून यायचे होते म्हणून गाडी शोधत होतो. फ्रँकफर्टच्या बाहेर एका खडीच्या मैदानावर, रंगीबेरंगी पताका लावलेल्या सेकंडहँड गाड्यांच्या यार्डात ही मिळाली. 2004 ची, मोठं पेट्रोल इंजिन, टाखोवर, म्हणजे किती किमी चालली ते दाखवणाऱ्या मीटरवर, 1,24,000 किमी, किंमत 2,900 युरो. विकणारा माणूस गोड. एका पेन्शनर बाईंची गाडी, फक्त रविवारी चर्चला जायच्या, गॅरेजमध्ये ठेवलेली, ट्युफ (इथली गाडीची सक्तीची ठराविक काळाने होणारी तपासणी) नवीन. शिवाय ही मेक्सिकोची नाही हं, ऑस्ट्रियातल्या ग्राझची, म्हणून पत्रा दणकट, असंही म्हणाला. (ग्राझला पीटी क्रूझर थोडाच काळ बनली, 2001-02 च्या सुमारास. 2004 ची गाडी टोलुकाची, मेक्सिकोची. हे मला नंतर कळलं आणि खरं तर त्याने फरकही पडत नव्हता, पण माणूस किती सहज थापा मारतो ते बघा.)

बाबांना फोटो पाठवला तर त्यांचा लगेच फोन, अरे ही तर आपली जुनी प्लिमथ! त्यांचं चुकलं नव्हतं, क्रायस्लरच्याच डॉज आणि प्लिमथ 1947 पासून कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरमध्ये जोडल्या जायच्या, बाबांच्या लहानपणी मुंबईत रस्त्यावर होत्या. झालं, घरात सगळ्यांनी गाडी आधीच घेऊन टाकली.

आता गाडी बघताना काय दिसत होतं ते सांगतो, कारण हेच तुम्हाला दिसणार आहे. पेडलचे रबर कोरे करकरीत. गिअरचा तो गोल गोळा मात्र घासून गुळगुळीत झालेला. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर, जिथे ऑइल बदलल्याचं स्टिकर लावतात तिथे, चौकोनी चिकट डाग, कोणीतरी नखाने खरवडल्यासारखा. आम्ही पोचलो तेव्हा इंजिन आधीच गरम, म्हणे आत्ताच धुवायला नेली होती. टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडमिट करणारा पट्टा) नुकताच बदललाय, बिल मूळ मालकिणीकडे आहे, पोस्टाने पाठवतो. बिल अर्थातच कधी आलं नाही.

थंडी सुरू झाल्यावर गाडीखाली पाणी दिसायला लागलं. ओळखीच्या पोलिश मेकॅनिककडे नेली. या गाडीचं बॉनेट बाहेरून मोठं दिसतं पण आत हात घालायला जागा नाही, वॉटर पंप टायमिंग बेल्टवर चालतो, म्हणजे पंपासाठी एका बाजूचं इंजिन माउंट सोडवून सगळं उघडायचं. त्याने ते उघडलं आणि मला हाक मारली. बेल्टच्या प्लॅस्टिक कव्हरवर, माउंटच्या मागे दडलेलं, तेलकट झालेलं एक पिवळं स्टिकर. बॉलपेनने लिहिलेलं: बेल्ट बदलला, 2011, 1,93,000 किमी. दारावरचं खरवडणाऱ्याला हे दिसलंच नव्हतं. म्हणजे गाडी तीन वर्षांपूर्वीच 1,93,000 चालली होती आणि माझ्या टाखोवर 1,24,000 होते. मेकॅनिक हसला, म्हणाला रविवारी चर्चला जाणाऱ्या बाई रोमपर्यंत जात असतील. पंप, बेल्ट, माउंट आणि पुढच्या आर्मचे बुश धरून नऊशेच्या आसपास गेले.

टाखो मागे फिरवणं जर्मनीत 2005 पासून गुन्हा आहे. पण खरी मेख टाखोत नाही, करारात होती, आणि हे सांगायलाच एवढं लिहितोय. इथे व्यापाऱ्याकडून जुनी गाडी घेतली तर कायद्याने त्याला दोषांची जबाबदारी घ्यावी लागते, ती एका वर्षापर्यंत कमी करता येते पण पूर्ण झटकता येत नाही. खाजगी माणूस मात्र ती झटकू शकतो. म्हणून हे लोक काय करतात, करारावर वर लिहितात इम कुंडेनआउफ्ट्राग, म्हणजे ग्राहकाच्या वतीने विक्री. मैदान त्याचं, जाहिरात त्याची, पैसे त्याने मोजून घेतले, पण कागदावर विकणारा भलताच कोणीतरी आणि यार्डवाला फक्त मध्यस्थ. दुसरी मेख, किमीच्या रकान्यात "टाखोवर वाचलेला आकडा" किंवा "आधीच्या मालकाच्या म्हणण्यानुसार" असं लिहितात. या शब्दांना कोर्टात हमी धरत नाहीत, नुसती माहिती दिली एवढाच अर्थ होतो. "एकूण चाललेले किमी इतके" असं सरळ लिहून घेतलं तर गोष्ट वेगळी.

मी फोन केला तर तोच गोड माणूस, मी तर नुसता दलाल, तुम्ही मालकाशी बोला. मालकाच्या पत्त्यावर रजिस्टर पत्र पाठवलं ते परत आलं. मग वकिलाने गाडीचं मालकीचं पुस्तक, ते टाइल त्स्वाय, मागितलं आणि करारावरचं नाव त्यात कुठेच नाही! शिवाय त्यात आधीच्या मालकांची संख्या लिहिलेली असते, पेन्शनर बाई एकट्याच असायला हव्या होत्या तर तिथे 4. वकील म्हणाला हे तुमच्या फायद्याचं आहे, कारण व्यापाऱ्याने खरं तर स्वतःच गाडी विकत घेऊन मध्यस्थाचं सोंग केलं असेल तर कायदा ते सोंग मानत नाही, आणि मुद्दाम फसवलं असेल तर जबाबदारी झटकल्याचं कलम कोणालाच वाचवत नाही. फक्त सिद्ध करावं लागतं, आणि टाखो कोणी फिरवला हे सिद्ध करणं महाकठीण. पोलिसांत तक्रार दिली, ती काही महिन्यांनी पुराव्याअभावी बंद झाल्याचं पत्र आलं. वकिलाच्या नोटिशीनंतर यार्डवाल्याने "सौजन्य म्हणून" 700 युरो देऊ केले, ते घेतले. कोर्टाचा खर्च आणि गाडीची किंमत बघता दुसरं काय करणार.

ट्युफच्या भरवशावर तर अजिबात राहू नका. ते ब्रेक, दिवे, गंज, धूर बघतात, बेल्ट उघडून बघत नाहीत. पण जुने ट्युफ रिपोर्ट सोन्यासारखे, कारण प्रत्येकावर त्या दिवशीचे किमी छापलेले असतात. निदान मागचे दोन मागायचे, हरवले म्हणाला तर ज्या संस्थेने तपासणी केली तिथून मालकाला दुसरी प्रत मिळू शकते, आणि तो आढेवेढे घ्यायला लागला की गाडीची चावी परत देऊन निघायचं. डिझेल घेणार असाल तर त्यात बेल्टऐवजी चेन आहे, मर्सिडीजचं 2.2 इंजिन, चांगलं आहे, पण जुन्या डिझेलला प्रदूषणाचे निर्बंध असलेल्या शहरात शिरायला लागणारं हिरवं स्टिकर मिळेलच असं नाही, ते आधी विचारा. 2006 च्या मॉडेलपासूनची ओळखायला सोपी, हेडलाइटची खालची कड सरळ झाली आणि डॅशबोर्डवर काट्यांचं घड्याळ आलं, कोणी 2005 ची गाडी "नवं मॉडेल" म्हणून खपवत असेल तर तेवढं बघून कळतं.

बेल्जियममध्ये 2006 पासून कार-पास नावाचा कागद विकणाऱ्याला द्यावाच लागतो, त्यावर किमीचा सगळा इतिहास. हॉलंडमध्ये तर नंबर प्लेट टाकली की सरकारी साइटच सांगते आकडे जुळतात की नाही. आइंडहोवनचा माझा मित्र मागच्या महिन्यात अशीच एक पीटी क्रूझर बघत होता, त्याला हे सगळं सांगितलं, त्याने तिथल्या तिथे फोनवर नंबर टाकला. उत्तर आलं, आकडे विसंगत. मला स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली लिहिलं, तरी शनिवारी बघून येतो रे, मरून रंग आहे.