नौपाड्यातलं कर्जसल्ला केंद्र: अपील केलं म्हणून मी हप्ते थांबवले होते

ठाण्यात गोखले रोडवरून आत वळलं की झेरॉक्सच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर हे केंद्र आहे. बँकेतून निवृत्त झालेले एक काका चालवतात आणि फक्त शैक्षणिक कर्जाचंच बघतात. जिना उभा आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी बेतानं जावं. फी ५०० रुपये. मी १८ फेब्रुवारीला डबे पोचवून कळव्याहून गेले होते.

लेकीच्या इंजिनीअरिंगचं ६ लाखांचं कर्ज, सहकर्जदार मी. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत, म्हणून केंद्र सरकारच्या व्याज अनुदानाचा दावा केला. तो नामंजूर झाला, कारण उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा नव्हता, नवऱ्याच्या कामावरच्या मालकाच्या सहीचा होता. फेरविचाराचा अर्ज, म्हणजे अपील, दिलं, तेव्हा बँकेत कुणीतरी म्हणालं, "निकाल लागेपर्यंत थांबा." मला वाटलं, हप्तासुद्धा थांबला. ८,१०० चे तीन हप्ते भरले नाहीत.

काकांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्यापुढे ठेवलं आणि पहिला हप्ता चुकला त्या ५ डिसेंबरपासून दिवस मोजले. पंचाहत्तर. "ताई, नव्वद उलटले की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत. तुमच्याकडे पंधरा दिवस आहेत." माझे हात गार पडले. सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, लेकीबरोबर माझंही नाव खराब झालं असतं.

मग त्यांनी जे समजावलं ते मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. हे अनुदान फक्त सवलतीच्या काळातल्या व्याजाचं, म्हणजे अभ्यासक्रम अधिक एक वर्ष. आमचा तो काळ संपलाय. अपील जिंकलं तरी मुद्दल आणि पुढचं व्याज आपणच फेडायचं. मिळालेली रक्कम कर्जखात्यात जमा होऊन बाकी तेवढी उतरेल. म्हणजे अपिलामुळे हप्ता थांबावा असं त्यात काही नव्हतंच. कोर्टातही असंच असतं म्हणाले: दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१, नियम ५ प्रमाणे नुसत्या अपिलानं स्थगिती मिळत नाही, ती वेगळी मागावी लागते.

समोर बसून त्यांनी पत्र लिहून दिलं, "नामंजुरीवरची हरकत कायम ठेवून हप्ते भरत आहे". पोच घ्यायला बजावलं. बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, तिथे पैसे लागत नाहीत; पण तक्रार केली म्हणून हप्ता थांबत नाही, हेही दोनदा सांगितलं.

भिशीतून २४,३०० उचलून मी २१ तारखेला भरले. तहसीलदारांचा दाखला आता जोडलाय, निर्णय यायचाय.

एक गैरसोय आहे. काका फोनवर वेळ देत नाहीत, मला दीड तास बसावं लागलं. कर्जमंजुरीचं पत्र, खात्याचा उतारा आणि नामंजुरीचा कागद घेऊनच जा, नाहीतर परत पाठवतात. शनिवारी दुपारनंतर बंद असतं.