85 मिलिमीटरचे सांगून 70 मिलिमीटरचे कॅबिनेट दिले: होम थिएटर संगणक जोडणाऱ्यांनी सावध राहावे

टीव्हीखालच्या कप्प्यात आडवे बसेल आणि चित्रपट चालू असताना पंख्याची घरघर ऐकू येणार नाही, असे कॅबिनेट (संगणकाचे भाग बसवायची पेटी) मी तीन आठवडे शोधत होते आणि एवढे शोधूनही फसले. हे लिहिताना लाज वाटते, पण त्याच विक्रेत्याच्या जाळ्यात आणखी कोणी सापडू नये म्हणून लिहीत आहे.

वर्णनात बाहेरील उंची 85 मिलिमीटर दिली होती. 65 मिलिमीटर उंचीपर्यंतचा कूलर (प्रोसेसर थंड ठेवणारा पंखा) मावेल, बॉडी ॲल्युमिनियमची आहे, पुढे यूएसबी 3.0 आणि रिमोटसाठी इन्फ्रारेड रिसीव्हर आहे, सोबत 300 वॅटचा एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा भाग, मिळेल, असेही लिहिले होते. ॲल्युमिनियमचे म्हणून 20 टक्के जास्त आकारले आणि शेवटचाच नग उरला आहे असे सांगून पूर्ण रक्कम आगाऊ घेतली. मी अजाण नव्हते. याआधी दोन संगणक स्वतः जोडले आहेत. मदरबोर्ड (सगळे भाग जोडले जातात तो मुख्य बोर्ड) मिनी-आयटीएक्स, म्हणजे 170 बाय 170 मिलिमीटरचा, आणि कूलर बरोबर 65 मिलिमीटरचा, असे सगळे दिलेल्या मापांवरून ताडून मगच घेतले होते. त्या आकड्यांत एकही विसंगती नव्हती.

विसंगती छायाचित्रात होती. मदरबोर्डच्या पोर्टांसाठी कॅबिनेटच्या मागे जी आयताकृती खाच असते, तिचे माप ठरलेले असते; उंची सुमारे 44.5 मिलिमीटर. कॅबिनेट 85 मिलिमीटरचे असते तर ती खाच निम्म्याहून जराशीच जास्त दिसली असती, आणि छायाचित्रात तर ती जवळजवळ दोन तृतीयांश उंची व्यापून होती! ते छायाचित्र मी मोठे करून पाहिले होते, पण हवेची छिद्रे किती आहेत हे पाहण्यासाठी. स्क्रीनवर पट्टी धरायला अर्धा मिनिटही लागला नसता. तुम्ही पैसे देण्याआधी ती धराच.

आलेले कॅबिनेट 70 मिलिमीटरचे निघाले. कूलर बसवल्यावर झाकण 12 मिलिमीटर वरच राहिले. बॉडीला चुंबक चटकन चिकटले, म्हणजे तो रंगवलेला लोखंडी पत्रा होता. पुढचा यूएसबी पोर्ट निळा, पण त्याची वायर 9 पिनांच्या जुन्या यूएसबी 2.0 जोडणीत संपत होती, 3.0 साठी 19 पिनांची जोडणी लागते. रिसीव्हरच्या जागी काळी प्लॅस्टिकची चकती होती आणि तिच्या मागे एकही वायर नव्हती. एसएमपीएसवर ठळक 300 छापलेले, पण बाजूच्या बारीक तक्त्यात 12 व्होल्टपुढे 10 अँपिअर, म्हणजे त्या लाइनवर अवघे 120 वॅट. प्रोसेसरचा भार त्याच लाइनवर पडतो, म्हणून ठळक आकड्यावर विसंबू नका, तो तक्ता वाचा.

परत करण्याची मुदत 7 दिवसांची होती. विक्रेत्याने आधी फोटो मागितले, मग व्हिडिओ मागितला, मग मोजण्यात माझीच चूक झाली असेल असे सुनावले आणि आठव्या दिवशी मुदत संपल्याचे कळवले. फारच आग्रह धरला तेव्हा 30 टक्के कापून, तेही पाठवणीचा खर्च माझ्याकडून घेऊन, परत घेण्याची तयारी दाखवली. तक्रार पहिल्याच दिवशी लेखी नोंदवा. विक्रेत्याशी बोलत बसण्यात माझे सात दिवस गेले.

विक्री-संकेतस्थळाच्या तक्रार कक्षाने तर कमालच केली. पट्टी लावून काढलेली नऊ छायाचित्रे मी पाठवली, त्यांवर वस्तू पोहोचल्याची नोंद आहे एवढेच उत्तर आले. दुसऱ्यांदा लिहिले तेव्हा हा तांत्रिक मतभेद आहे असे ठरवून तक्रार बंद करण्यात आली. 85 आणि 70 यांत कसला आला मतभेद? तिसऱ्यांदा पहिलेच उत्तर जसेच्या तसे आले, म्हणजे छायाचित्रे कोणी उघडलीसुद्धा नसावीत. बँकेने व्यवहार मी स्वतः मंजूर केल्याचे सांगून अंग काढून घेतले. कूलर परत करण्याची मुदत तोवर उलटून गेली होती, म्हणून तुम्ही कॅबिनेट हाती येऊन मोजून होईपर्यंत बाकीचे भाग घेऊच नका.

काल पुन्हा पाहिले. तो शेवटचा नग अजूनही विक्रीला आहे आणि त्याच छायाचित्राखाली उंची 85 मिलिमीटर अशीच लिहिलेली आहे.