टिप्स-पेंटासीन: लवचिक ट्रान्झिस्टरसाठी घ्यावं का?

द्रावणातून सेंद्रिय अर्धवाहकाचा थर द्यायचा असेल तर सुरुवातीला टिप्स-पेंटासीन हेच घ्या. साधं पेंटासीन टोल्युइन या द्रावकात जवळजवळ विरघळत नाही, त्याचा थर द्यायला व्हॅक्यूम लागतो. रसायनशास्त्रज्ञ जॉन अँथनी यांच्या गटाने 2001 मध्ये त्याच्या रेणूतल्या मधल्या कार्बन-कड्याला दोन सिलिलएथाइनिल गट जोडले. त्यामुळे विद्राव्यता आली आणि रेणू विटांच्या बांधकामासारखे एकावर एक बसू लागले.

1 मिलि टोल्युइनला 10 मिलिग्रॅम पुरे. 0.2 मायक्रॉनच्या पीटीएफई (टेफ्लॉन) फिल्टरमधून गाळा. द्रावण गडद निळं दिसलं पाहिजे. प्रकाश आणि हवेत ठेवलं की ऑक्सिजन मधल्या कड्याला चिकटतो आणि निळा रंग उडत जातो. फिकट द्रावण सरळ टाकून द्या. पिवळ्या दिव्याखाली काम करा, बाटलीला फॉइल गुंडाळा.

खरी डोकेदुखी स्फटिकांची. टोल्युइन पटकन उडतं, स्फटिक वाट्टेल त्या दिशेने वाढतात आणि एकाच पट्टीवरच्या दोन ट्रान्झिस्टरांची मोबिलिटी (विद्युतभार किती सहज सरकतात ते) जुळत नाही. 207 अंशांना उकळणारं टेट्रालिन हे द्रावक वापरा, पट्टी किंचित तिरकी ठेवा, वर झाकण घाला. थोडं पॉलिस्टायरीन मिसळलं तर थर आणखी एकसारखा येतो. हा उपाय स्वस्त आहे आणि आम्ही तो आग्रहाने सुचवतो.

पीईएन या प्लास्टिकच्या फिल्मवर तापमान 100 अंशांच्या आत ठेवा. सुमारे 124 अंशांना स्फटिकरचना बदलते, थराला आडव्या भेगा पडतात आणि प्रवाह तुटतो.

चांगल्या थरात मोबिलिटी 1 चौ. सेंमी प्रति व्होल्ट-सेकंदच्या आसपास मिळते. याहून वेग हवा असेल तर सी8-बीटीबीटी हे दुसरं सेंद्रिय अर्धवाहक बघा.