युरिया प्रेशर लो चा कोड येतोय? पंप बदलायच्या आधी गाडी इथे दाखवा

निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीतलं हे गॅरेज बीएस सिक्स गाड्यांच्या युरिया सिस्टीमसाठी (धुरातला विषारी नॉक्स वायू कमी करायला सायलेन्सरमध्ये युरियाचं पाणी फवारणारी यंत्रणा) एकदम भरवशाचं आहे. हे मुद्दाम सविस्तर लिहितोय कारण आमच्या लाईनमधल्या बऱ्याच छोट्या मालकांचे पंपाच्या नावाखाली विनाकारण पैसे गेलेत.

आमची दहा टायर पुणे-कोल्हापूर लाईनला असते. खंबाटकी चढताना गाडी ओढेना, मीटरवर युरियाचा लाईट, चेक इंजिन पण लागलेलं, आणि टाकी तर अर्ध्याच्या वर भरलेली, ड्रायव्हरने अजून युरिया ओतला तरी लाईट काही जाईना. आधी दुसऱ्या एका वर्कशॉपला नेली, त्यांनी स्कॅनर लावला, प्रेशर लो दिसलं आणि उभ्या उभ्या सांगितलं की पंप मॉड्यूल गेलं, पाऊण लाखाच्या वर कोटेशन. ना कोणी टाकीचं झाकण उघडलं ना पाईपला हात लावला. हप्ते चालू असलेल्या माणसाने एवढे पैसे कुठून काढायचे, आणि तशीच चालवत राहिलं तर आधी टॉर्क कमी होतो, मग स्पीड २० ला लॉक, म्हणजे गाडी उभीच.

इथले काका (सगळे काकाच म्हणतात) लॅपटॉप लावतात पण कोड वाचून थांबत नाहीत. आमचा होता एसपीएन ४३३४, एफएमआय १८ (पहिला आकडा फॉल्ट कुठे आहे ते सांगतो, मागचा फॉल्ट कसला आहे ते). काकांनी समजावून सांगितलं की शेठ, मागचा आकडा बघायचा, ३ किंवा ४ असता तर आधी सेन्सर आणि वायरिंग तपासलं असतं कारण तो व्होल्टेजचा फॉल्ट असतो, १८ म्हणजे सेन्सर सांगतोय ते प्रेशर खरंच कमी आहे. तरी खात्री करायला त्यांनी सिस्टीममध्ये प्रेशर नसताना रीडिंग शून्याला येतंय का ते बघितलं. आलं, म्हणजे सेन्सर खोटं बोलत नाहीये.

मग लॅपटॉपवरनं पंप चालू केला. आमच्या सिस्टीमला ९ बार प्रेशर लागतं (काही गाड्यांना ५ च्या आसपास असतं, त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्याला लावू नका). पंप पूर्ण जोर लावतोय तरी आकडा पाच-सहाच्या मध्ये नाचतोय, स्थिर होतच नाही. काका म्हणाले असा नाचला की बहुतेक हवा ओढतोय किंवा मागनं माल कमी येतोय. आधी फक्त टाकीचं झाकण उघडून बघितलं, कारण टाकीचा व्हेंट, म्हणजे हवा आत यायचं भोक, चोक असेल तर आत व्हॅक्यूम तयार होतो आणि पंपाला ओढताच येत नाही. झाकण उघडून काही फरक पडला नाही, मग व्हेंट ठीक.

यानंतरची टेस्ट प्रत्येक गाडीमालकाने डोळ्यांनी बघावी अशी आहे. टाकीकडून पंपाकडे येणारा सक्शन पाईप काढला, त्या जागी एक छोटा स्वच्छ पाईप लावून त्याचं दुसरं टोक सीलबंद कॅनमधल्या नव्या युरियात बुडवलं आणि परत पंप चालू केला. आकडा सरळ नऊवर गेला आणि तिथेच थांबला, हलला सुद्धा नाही. म्हणजे ज्या पंपासाठी पाऊण लाख मागत होते तो पंप ठणठणीत आणि सगळा घोळ टाकीच्या बाजूला!

टाकीतलं युनिट बाहेर काढलं तर खालच्या जाळीवर राखाडी चिखलासारखा थर, आणि पाईपच्या क्विक कनेक्टरवर पांढरी खपली. ओ रिंग चिरली होती, तिथनं युरिया झिरपून वाळत होता आणि पंप चालू झाला की तिथनंच हवा आत. जाळी आणि टाकी कोमट डीआय वॉटरने, म्हणजे क्षार काढलेल्या पाण्याने, धुतली (डिझेल-पेट्रोलने अजिबात धुवायचं नाही, त्याने रबरं फुगतात आणि थोडं तेल जरी टाकीत गेलं तरी पुढे सायलेन्सरमधल्या धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिस्टची वाट लागते), ओ रिंग आणि पंपाचा फिल्टर नवीन टाकला. शेवटी डोझर, म्हणजे युरिया फवारणारा नोझल, सायलेन्सरवरनं काढून मापाच्या बरणीत धरला, प्रेशर चालू पण डोझिंग बंद असताना थेंब पडतोय का बघितलं, मग डोझिंग चालू करून किती येतंय ते मोजलं. पंप आणि डोझर जुनेच ठेवून गाडी नीट झाली, आणि खर्च त्या कोटेशनच्या जवळपास सुद्धा गेला नाही.

जुना युरिया त्यांनी रिफ्रॅक्टोमीटरवर (पाण्यात युरिया किती टक्के आहे ते दाखवणारं यंत्र) बघितला, ३२.५ टक्के पाहिजे तर तीसच्या खाली होता, म्हणजे ड्रममधल्या सुट्या मालात पाणी. त्याने प्रेशर कमी होत नाही पण नॉक्सचा कोड पुढे आला असता. आणि मीटरवर ३२.५ आलं म्हणजे माल शुद्ध असंही नाही, बोअरचं पाणी वापरलं असेल तर क्षार त्यात कळत नाहीत, म्हणून आयएसओ २२२४१ लिहिलेला सीलबंद कॅनच घ्या.

ड्रायव्हरला पण बाजूला बसवून सांगितलं की इंजिन बंद केल्या केल्या बॅटरीचा कटऑफ पाडायचा नाही, पंप पाईपमधला युरिया मागे टाकीत ओढून घेत असतो, ती घरघर थांबेपर्यंत थांबायचं, नाहीतर पाईपात आणि डोझरमध्ये युरियाचे खडे होतात. ड्रायव्हरशी इतक्या आदराने बोलणारं गॅरेज कमीच बघायला मिळतं.

अजून एक, मी तिथे असताना एकजण युरिया सिस्टीम कायमची बंद करून द्या म्हणून आला होता, त्याला काकांनी स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. मला ते मनापासून पटलं, आपलीच पोरं हायवेच्या कडेला राहतात, तो धूर त्यांच्याच छातीत जाणार.

तक्रारी पण सांगतो. गर्दी खूप असते आणि फोन लागत नाही, नंबर लावायला माणूस पाठवावा लागतो. बसायला जागा नाही, पावसात चिखल. चेकिंगचे पैसे वेगळे घेतात, काम केलं नाही तरी द्यावे लागतात, काहींना ते खटकतं, मला योग्य वाटलं कारण खरं काम तेच आहे. कंपनीच्या वॉरंटीतली गाडी असेल तर ते स्वतःच हात लावत नाहीत, आधी तिकडे जा म्हणतात. मोठा ट्रेलर असेल तर सकाळी लवकर न्या, दुपारनंतर गल्लीत वळवायला जागा उरत नाही.