एनआयसीयू : उपचारांना पाच स्टार, बोलण्याला डॉक्टरांच्या पाळीप्रमाणे

मुलगी तिसाव्या आठवड्यातच झाली, 1 किलो 180 ग्रॅमची. निफाडहून अ‍ॅम्ब्युलन्सने नाशिकला आणली. बायकोचं सिझर, ती तिकडेच अ‍ॅडमिट. इथे एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या, दाराशी मी एकटा. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारही आहे.

पहिले दोन दिवस सकाळचे डॉक्टर लिफ्टकडे जाता जाता म्हणायचे, "क्रिटिकल आहे, 72 तास काही सांगता येत नाही." लिफ्ट बंद. बायकोचा फोन यायचा, "काय म्हणाले?" तिला काय सांगणार, कपाळ? बिलिंगवाले मात्र मला कँटीनमधूनही शोधून काढायचे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या डॉक्टरबाई भेटल्या. स्टूल ओढून बसल्या, मलाही बसवलं आणि आधी मलाच विचारलं, "तुम्हाला आतापर्यंत काय समजलंय?" मी म्हणालो, पेटीत ठेवलीय म्हणजे आशा नाही. त्या हसल्या नाहीत. निफाडचा म्हटल्यावर त्यांनी कागदाच्या पाठीमागे द्राक्षाचा घड काढला. फुप्फुसातले फुगे असे असतात. दिवस भरायच्या आत जन्मलं की ते उघडे ठेवणारं द्रव्य कमी पडतं आणि ते मिटतात. तेच द्रव्य, सर्फॅक्टंट, नळीने आत दिलंय. आता सीपॅप नावाचं यंत्र नाकातून हवेचा दाब धरून ठेवतंय. मग म्हणाल्या, "वाचेलच असा शब्द मी देत नाही. पण काल ऑक्सिजन 40 टक्के लागत होता, आज 30." हा आकडा मी बायकोला सांगू शकलो. पुढे फोन स्पीकरवर टाकून त्या तिच्याशीही बोलल्या : दोन मिली दूध निघालं तरी पाठवा. मेहुणा रोज बर्फाच्या डब्यातून आणायचा.

मध्येच मॉनिटर वाजायचा. सिस्टर तळव्याला हलकी टिचकी मारायच्या. "श्वास घ्यायचं विसरते हो, मेंदू अजून कच्चा आहे. श्वास चालू राहावा म्हणून कॅफिन देतोय." आमची आई हादरली, एवढ्याशा जिवाला कॉफी!

चौथ्या आठवड्यात सकाळच्याच डॉक्टरांनी 'आरओपी' या डोळ्यांच्या आजाराच्या कागदावर सही मागितली. डोळे गेले, असंच मला वाटलं. एवढ्या लवकर जन्मलेल्या सगळ्याच बाळांचा डोळ्यांचा पडदा तपासतात, हे सिस्टरने सांगितलं, तेही रात्री.

38 दिवसांनी घरी आणली, 1 किलो 790 ग्रॅम. पाचपैकी चार स्टार. जो कापलाय, तो लिफ्टचा.