जुनी चेन मागून घेतली, तरी फसलो

गाडीचं काम झालं की जुना पार्ट मागून घ्यायचा, ही आमच्या घरातली जुनी शिस्त. वडील तर जुना ऑइल फिल्टरसुद्धा घरी आणायचे. मीही मागितला, मिळालाही. तरी बाराशे चाळीसचा चेन सेट (चेन आणि ती ज्यांवर फिरते ती पुढची-मागची दातेरी चक्रं, म्हणजे स्प्रॉकेट) आणि अडीचशे मजुरी बुडाली ती बुडालीच.

माझी १२५ सीसीची गाडी आहे. रोज नाशिकरोडहून सिन्नरजवळची मुसळगाव एमआयडीसी आणि परत, पन्नास-पंचावन्न किलोमीटर. पहिली चेन २३ हजार चालली. मग खालून खडखड सुरू झाली, थांबून निघताना झटका बसू लागला आणि चेन ताणायला चाक मागे सरकवायची पट्टी शेवटच्या खुणेपर्यंत गेली. सेट बदलायची वेळ झाली होती, यात वाद नाही.

गॅरेजवाल्याने डुप्लिकेट माल घालू नये म्हणून सेट मी स्वतः दुकानातून आणला. सीलबंद पाकीट, पक्कं बिल. घराजवळच्या गॅरेजात सकाळी गाडी लावली आणि निघताना शहाणपणा केला. म्हटलं, "दादा, जुनी चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट पिशवीत काढून ठेवा, मला न्यायचीयत." तो म्हणाला, "ठेवतो ना भाऊ, आम्हाला काय करायचंय त्याचं." मी मित्राच्या गाडीवरून कंपनीत गेलो. म्हणजे पिशवी भरायला मी त्याला आख्खा दिवस दिला.

संध्याकाळी गाडी धुऊन-पुसून उभी. चेन कव्हरचं रबरी बूच काढून त्याने बॅटरी मारून दाखवली. आत चंदेरी दात, चकचकीत ग्रीस. हँडलला पिशवी अडकवलेली, तिच्यात गंजकी चेन आणि झिजलेली दोन स्प्रॉकेटं. मागे वाकून पाहिलं तर चाक पुढच्या खुणेवर आलेलं, नव्या चेनला असतं तसं. आणखी काय तपासणार? पिशवी माळ्यावर टाकली आणि विसरलो.

तीन महिन्यांनी, जेमतेम चार हजार किलोमीटरनंतर, मोहदरी घाट चढताना चेन उतरली. पूर्ण भरलेला रस्ता, मागे ट्रक. कशीबशी गाडी कडेला घेतली. ओळखीच्या एका पोराने मागून पाय लावून मला सिन्नरपर्यंत ढकलत नेलं. तिथल्या माणसाने चेन चढवली आणि म्हणाला, "ही संपलीय की. बदलली नाही का?" मी म्हटलं, तीन महिन्यांपूर्वीच बदललीय. तो नुसता हसला.

त्या हसण्याने रविवारी मी स्वतःच गाडी खोलायला बसलो. गाडीच्या टूलकिटमधला चाकाचा पाना, १० आणि १२ चे पाने, भावाकडून आणलेली नोज प्लायर आणि पोस्टाच्या तिकिटासारखी चिकाटी. गाडी मेन स्टँडवर लावली, इंजिन बंद, चावी खिशात. (चेन पुसताना इंजिन चालू ठेवून गियर टाकणारे लोक मी पाहिलेत. फडक्यासोबत बोट आत जायला क्षणही लागत नाही.)

पुढच्या स्प्रॉकेटचं कव्हर काढलं आणि तिथेच बसकण मारली. दात एका बाजूला झुकलेले, वाघनखासारखे टोकदार. चंदेरी रंग दातांच्या टोकांवरून उडालेला, पण मुळाशी शाबूत. त्याहून वाईट म्हणजे तो रंग स्प्रॉकेट धरणाऱ्या लॉकपट्टीवर होता, बोल्टच्या डोक्यांवर होता आणि शेजारी सुकून चिकटलेल्या चिखलावरही होता. नवीन स्प्रॉकेट बसवलं असतं तर बोल्ट खोलले गेले असते. बोल्ट खोललेच नव्हते. जागेवरच स्प्रे मारलेला.

मग चेन मोजली. आपल्याकडच्या बहुतेक १०० ते १५० सीसीच्या गाड्यांना ४२८ नंबरची चेन असते. तिच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे २० कड्या बरोबर १० इंच, २५४ मिलीमीटर. चेन ताणून धरून टेप लावायचा, एका पिनेच्या मध्यापासून तिच्या पुढच्या विसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत मोजायचं. २५९ च्या पुढे गेली की चेन संपली. माझी २६१ भरली. कड्या मोजल्या तर ११६. सेटच्या बिलावर लिहिल्या होत्या ११८.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. जुनीच चेन डिझेलमध्ये धुतली, दोन कड्या कापल्या, ग्रीस फासलं. दोन कड्या कमी झाल्या की चाक साधारण १३ मिलीमीटर पुढे येतं. मी वाकून पाहिलेली ती "नवी" खूण अशी आली होती.

मग पिशवीत काय होतं? माळ्यावरून उतरवली. त्यातल्या मोठ्या स्प्रॉकेटवर ४४ दातांचा शिक्का, माझ्या गाडीचं ४२ चं. मधलं भोकसुद्धा वेगळं. दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा भंगार माल मला "तुमचा जुना" म्हणून दिला होता, आणि मी तो तीन महिने जपून ठेवला होता!

नवा सेट आणला आणि घरीच बसवला. फार अवघड नाही, घाई मात्र नको. सेटची चेन उघडी येते, जोडायला क्लिपचं लॉक असतं, त्यामुळे चेन तोडायचं हत्यार लागत नाही. मोठ्या गाड्यांच्या रिव्हेट केलेल्या, म्हणजे पिना ठोकून कायमच्या जोडलेल्या चेनला ते लागतं, तिथे घरी हात घालू नका. चाक काढण्याआधीच मागच्या स्प्रॉकेटचे चार नट सैल करून घ्या. मागचा ब्रेक कुणालातरी दाबून धरायला सांगा. एकदा चाक जमिनीवर आलं की ते धरायला कुणी नसतं. माझा एक नट पान्यावर फूटभर पाईप चढवल्यावरच हलला. पुढच्या स्प्रॉकेटच्या दोन बोल्टांना गाडी गियरमध्ये टाकली आणि ब्रेक दाबला की पुरतं.

सगळ्यात महत्त्वाचं ते लॉक. क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेला धावते तिकडे हवं. चेनच्या वरच्या बाजूला जोडत असाल तर बंद तोंड पुढच्या चाकाकडे. उलटं लागलं तर कशाला तरी घासून क्लिप उडू शकते. शेवटी चेन खालून बोटाने वर-खाली ढकलून पाहिली, अडीच सेंटीमीटर हलेल एवढी ठेवली. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी तपासली, कारण चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते. दोन्ही बाजूच्या खुणा जुळवून चाकाचा नट आवळला. नट ठरलेल्या जोरानेच आवळणारा टॉर्क पाना माझ्याकडे नाही, म्हणून दहा किलोमीटर फिरवून परत आवळून पाहिला.

पिशवी घेऊन गॅरेजात गेलो. आधी म्हणाला, पोराने चुकून दुसऱ्याची पिशवी दिली असेल. गाडीवरची चेन दाखवली तर म्हणाला, "भाऊ, तुमचा सेट साईजमध्ये बसत नव्हता." मग सेट कुठे आहे, विचारल्यावर गल्ल्यातून पाचशेची नोट काढली. सीलबंद पाकीट दुकानात परत जातं किंवा दुसऱ्या गिऱ्हाइकाला लागतं, हे मला नंतर कळलं. माझ्याकडे सेटचं बिल होतं, पण सेट त्याच्या ताब्यात दिल्याचा आणि अडीचशे मजुरी घेतल्याचा कागद नव्हता. तो माहीत असल्यासारखा शांत होता. पाचशे घेतले आणि निघालो.

तुमच्याकडे मजुरीची पावती असेल तर गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. पण पावतीवर "चेन सेट बदलला" असं लिहून घ्या, "सर्व्हिसिंग" नको. आणि काम उभं राहून करून घ्यायला वेळ नसेल तर गाडी देताना जुन्या चेनच्या दोन-चार कड्यांवर आणि दोन्ही स्प्रॉकेटवर नेलपेंटचा ठिपका मारून मोबाईलवर फोटो काढा, दातांचा आकडा टिपून ठेवा. पिशवीत ठिपकेवाला माल आला पाहिजे. कव्हरच्या बुचातून बॅटरी मारून काही कळत नाही. पुढचं झाकण उघडून बोल्ट बघा.

पिशवीतली चेन गावाकडे गोठ्याच्या फाटकाला लावली. स्प्रॉकेट मात्र ठेवलंय. ४४ दात, मधलं भोक मोठं. नाशिकरोडला कुणाचं हरवलं असेल तर ओळख पटवून घेऊन जा.